पाठीला पाठ लावून ऐकलेला वटवट्या

२ मार्च, सोमवार

बेअरिंग कंपनीने पाठवलेली डायरी जानेवारीपासून कपाटात पडून होती. आजपासून लिहायला घेतो. कारण एकच. माझ्याविषयी घरात आणि वर्कशॉपमध्ये जे बोललं जातंय, त्याची खरी बाजू कुठेतरी नोंदलेली असावी.

खरी बाजू अशी: माझे कान उत्तम आहेत.

या धंद्यात उतरलो तेव्हा एक स्क्रू ड्रायव्हर आणि दोन कान, एवढंच भांडवल होतं. मोटर चालू करायची, स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. आत काय दुखतंय ते मोटर स्वतः सांगते. बाजारात मला स्टेथोस्कोप म्हणतात. तोंडावर म्हणतात, म्हणजे प्रेमाने म्हणतात. वर्कशॉप आता मुलगी बघते. इंजिनिअर आहे, पण कामाची आहे. तरी आजही दुरुस्त झालेली एकही मोटर माझा कान लागल्याशिवाय गेटबाहेर जात नाही. मी ऐकतो आणि खडूने बरोबरची खूण करतो. ती खूण म्हणजे आमची गॅरंटी.

आज बर्फाच्या कारखान्याची मोटर परत आली. बेअरिंग जळालेलं. खूण माझी. मुलगी म्हणाली, बाबा, ही मोटर बारीक किंचाळत होती, मला शेडच्या दारातून ऐकू येत होतं. मी म्हटलं, मग तेव्हाच बोलायचं. ती म्हणाली, बोलले होते.

बोलली असेल. हल्ली सगळेच तोंडात बोळा धरून बोलतात.

बर्फवाले ग्रीस घालत नाहीत. विषय संपला.

५ मार्च, गुरुवार

कुकरची शिट्टी बदलली. या वर्षातली तिसरी. नवीही मुकी निघाली. भात करपला. ही म्हणाली, तुम्ही कुकरशेजारीच बसला होतात. बसलो होतो म्हणूनच सांगतो, वाजली नाही.

टीव्हीवालेही आवाज कमी करून पाठवतात. आणि आमची ही पुटपुटायला लागली आहे. स्वयंपाकघरात गेली की काहीतरी गुणगुणल्यासारखं येतं, शब्द नाहीत. वय झालं की गळ्याच्या शिरा सैल पडत असणार. तिला घशाच्या डॉक्टरकडे न्यायचं. संकल्प नंबर एक.

एक बरं आहे. या घरात शेवटचा शब्द माझा असतो. मी बोलतो, ती पाठ वळवते, आत जाते. संसार टिकतो तो असा.

८ मार्च, रविवार

जेवताना मुलीने पिशवीतून एक यंत्र काढलं. मोबाइलएवढं. मोटरवर टेकवलं की कंप मोजून आकडा दाखवतं. म्हणाली, बाबा, तुमच्या मदतीला. मी म्हटलं, माझ्या मदतीला की माझ्या जागेला. ती म्हणाली, मग एकदा कान तपासून घ्या, यंत्र परत करते. ही म्हणाली, तपासायला काय हरकत आहे, काही कापत नाहीत.

दोघींनी आधी ठरवून ठेवलं होतं. मला वास येतो अशा गोष्टींचा.

हिला दोन वर्षांपासून पक्षी बघण्याचा नाद आहे. दर वसंतात परतीच्या वाटेवरचे पक्षी किनाऱ्यावर उतरतात, चरून अंगात ताकद भरतात आणि समुद्र ओलांडून जातात. त्या दिवसांत एका रविवारी यांच्या क्लबची गणना असते. जोड्या करून फिरायचं, मोजायचं. या वेळी २९ तारखेला आहे. हिची जोडीदारीण लायब्ररीवाली, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की या वर्षी हिचा जोडीदार मी. त्या दिवशी हिला जे जे ऐकू येईल ते ते मला ऐकू आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी कान तपासायला जाईन आणि खडू मुलीच्या हातात देईन. आलं, तर यंत्र परत आणि या विषयावर घरात पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही.

मुलगी लगेच म्हणाली, ठरलं. जरा जास्तच लगेच.

ही काहीतरी पुटपुटली आणि वाढायला उठली.

११ मार्च, बुधवार

क्लबची मीटिंग. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. समोरच्याने तोंड उघडलं की सवयीने आत बघतात. त्यांची थोरली बहीण शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. त्या मला मेकॅनिक म्हणतात. मी दुरुस्ती केली, उद्योजक म्हणा. त्या म्हणाल्या, बरं, मेकॅनिक.

नियम कळला. दिसलेला पक्षी जोडीतल्या दोघांना दिसायला हवा. नुसता ऐकू आलेला पक्षी असेल तर दोघांनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं, डोळे मिटायचे, समोरच्या जोडीने तीन म्हटलं की आवाज आला त्या दिशेला बोट करायचं. दोन्ही बोटं एकाच बाजूला गेली तर पक्षी झाला. हा नियम गेल्या वर्षीपासूनचा. त्याआधी एका जोडीने गाडीत बसून, काचा बंद ठेवून, अठरा पक्षी ऐकले होते.

आमच्यासमोरची जोडी: डॉक्टर आणि मोठ्या बाई.

सगळे दुर्बिणी पुसत होते. मी दुर्बीण घेणार नाही. दुर्बीण ही कान नसलेल्यांची सोय आहे.

१४ मार्च, शनिवार

अभ्यास सुरू. हिने माझ्या मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज भरून दिले. टिटवी: पाठ. कुरव: पाठ. पाणकावळा तर माझ्या जुन्या कॉम्प्रेसरसारखा, चुकणं शक्य नाही. मग वटवट्या. ही म्हणाली, याच्यावर लक्ष ठेवा, हा डोळ्यांना सापडत नाही, अंगठ्याएवढा आणि पानाच्या रंगाचा, झुडपात बसून बारीक आवाज काढतो, हा फक्त ऐकायचा.

वटवट्या लावला. आवाज नाही. परत लावला. नाही. नाव वटवट्या आणि तोंडातून शब्द नाही.

मोबाइलचा स्पीकर गेलाय. सोमवारी दाखवतो.

१६ मार्च, सोमवार

मोबाइलवाला म्हणाला, काका, वाजतोय की. मी म्हटलं, कुठे वाजतोय. त्याने दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे बघितलं. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. एक बाई म्हणाली, किती गोड आहे, कुठला पक्षी आहे हो.

यांचं आपसात संगनमत असतं. दुरुस्ती येत नाही म्हटलं की वाजतोय म्हणून परत द्यायचा. मीही याच लाइनीतला, मला कोण शिकवणार.

तसंही रेकॉर्डिंगमध्ये आवाजाचं अंग निघून जातं, नुसता सांगाडा उरतो. खरा पक्षी खऱ्या हवेत ऐकायला पाहिजे.

२१ मार्च, शनिवार

गच्चीवर हिच्याबरोबर पाठीला पाठ लावून सराव. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई बघत राहिली. मी म्हटलं, व्यायाम आहे. ही म्हणाली, स्पर्धा आहे. शेजारीण म्हणाली, काही का असेना, छान दिसतंय.

महत्त्वाचा शोध लागला. लिहून ठेवतो.

हिने हात उचलायच्या आधी तिच्या पाठीचं हाड हलतं. उजवा हात, उजवं हाड. हात जितका वर, तितकं हाड आत. माझ्या पाठीला ते सगळं समजतं. तीन म्हटल्यावर मी अर्धा श्वास थांबलो की तिचं बोट कुठे गेलंय हे मला न बघता कळतं. आज सहा वेळा केलं. सहाही वेळा जमलं. ही म्हणाली, अरे वा.

यात लबाडी आहे का, यावर संध्याकाळी विचार केला. नाही. बेअरिंगला स्क्रू ड्रायव्हर टेकवतो तेव्हा तरी मी दुसरं काय करतो. कंप एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला येतो. इथे स्क्रू ड्रायव्हरच्या जागी बायको आहे. तंत्र तेच.

२८ मार्च, शनिवार

तयारी पूर्ण. टोपी, पाणी, मोजे. कापूस घालून कान साफ केले. गाडीचं ऑइल बघितलं. मुलीला फोन करून सांगितलं की यंत्राचा खोका जपून ठेव, परत करताना लागेल. ती म्हणाली, ठेवलाय बाबा, तुम्ही टोपी घाला.

उद्या पहाटे निघायचं. ही अलार्म लावते म्हणाली. मी म्हटलं, त्या अलार्मवर माझा विश्वास नाही, महिनाभर वाजलेला नाही.

२९ मार्च, रविवार. गणनेचा दिवस

पहाट

अलार्म वाजला नाही. ही हलवून म्हणाली, वाजून वाजून थकला. अंधारातच निघालो. दिवे लावून गाडी चालवली. रस्ता रिकामा. ही शेजारी बसून थर्मास सांभाळत होती. मला म्हणाली, ऐकू नाही आलं तर नाही म्हणा, काही बिघडत नाही. मी म्हटलं, बिघडतं.

सकाळ. खाडीचं तोंड

गाडी झुडपांच्या कडेला, मोकळ्या जागेत लावली. ओहोटी. चिखल लांबपर्यंत उघडा आणि त्यावर पक्षी सांडलेले. टिटवी माझ्या कानाने आधी पकडली, हिच्याही आधी. डॉक्टरांनी मान्य केलं. कुरव, सुरय, लांब वाकड्या चोचीचे ते उंच पक्षी, बगळे. दिसतात आणि ऐकूही येतात, आणखी काय पाहिजे. मोठ्या बाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं की लोक माझ्या कानांविषयी उगाच काय काय बोलतात. त्या म्हणाल्या, मेकॅनिक, पक्षी उडतील.

थोड्या वेळाने

पाठीला पाठ, पहिली वेळ. हिने झुडपाआडचा कुठला तरी धोबी पक्षी ऐकला. डॉक्टरांनी तीन म्हटलं. उजवं हाड, मध्यम. बोट केलं. जुळलं. पक्षी झाला.

दुसरी वेळ. डावं हाड, वर. जुळलं.

तिसऱ्या वेळी ही उजवीकडे वाकत वाकत थांबली, मीही वाकत वाकत थांबलो. डॉक्टर म्हणाले, तुमच्या दोघांचं ऐकणं अगदी एकजीव आहे हो. मोठ्या बाई म्हणाल्या, फारच.

मुलीला मेसेज टाकला: खोका काढून ठेव.

सकाळ, उशिरा

एक गोष्ट लिहायला हवी. वरून ससाणा आला आणि चिखलावरचे सगळे लहान तुतवार एकदम उठले. किती असतील सांगता येत नाही. एकच चादर झटकावी तसे वळले, काळे दिसले, पांढरे दिसले. आणि त्या पंखांचा आवाज. मोठा एक्झॉस्ट पंखा बंद खोलीत सुरू व्हावा तसा, खालून, छातीत. तो मला ऐकू आला. कुणाच्या पाठीशिवाय. आयुष्यभर आवाज ऐकला की यात काय बिघडलंय हेच शोधत आलो. यात काही बिघडलेलं नव्हतं.

ही म्हणाली, यातला एकेक पाच-सहा चमचे साखरेच्या वजनाचा, आणि पलीकडचा किनारा गाठेपर्यंत उतरायला जागा नाही. मी मनात हॉर्सपॉवर काढायला गेलो. जमेना.

हिने माझा हात धरला होता बहुतेक. मोजणीत ते धरत नाहीत.

दुपार. गाडीजवळ

पाण्याची बाटली आणायला गाडीपर्यंत जाऊन आलो. बाकीचे झुडपांच्या अलीकडे सावलीत बसलेत. सगळे वटवट्याविषयी बोलतायत. एकाही जोडीला अजून मिळालेला नाही. डॉक्टर म्हणाले, वारा पडला की बोलेल.

बोलू दे. पाठ तयार आहे.

दुपारनंतर

हे शांत डोक्याने लिहितो.

वारा पडला. ही एकदम बोट ओठांवर ठेवून उभी राहिली. म्हणाली, बारीक काहीतरी येतंय. डॉक्टर कान टवकारून म्हणाले, हो, येतंय. मोठ्या बाई म्हणाल्या, मलाही, पण. त्यांचं पण पूर्ण व्हायच्या आत मी हिच्या पाठीला पाठ लावून तयार. डोळे मिटले. डॉक्टरांनी तीन म्हटलं. डावं हाड, खाली, बरंच मागे. बोट केलं. डोळे उघडले. दोन्ही बोटं एका रेषेत.

डॉक्टरांनी विचारलं, कोण आहे. हिला तोंड उघडायला वेळ न देता मी म्हटलं, वटवट्या. डॉक्टर म्हणाले, नक्की? मी म्हटलं, नक्की म्हणजे काय, गळा ऐका की. बारीक पण स्वच्छ. आधी वर चढतो, मग घिरट्या घेत खाली येतो, शेवटी एक लाडिक हेलकावा. नर असावा. परतीच्या प्रवासाची ओढ आहे आवाजात. असा वटवट्या मी फार वर्षांनी ऐकला.

डॉक्टरांनी मोठ्या बाईंकडे बघितलं.

मग ही म्हणाली, अहो, ती आपली गाडी आहे.

मी म्हटलं, गाडीमागच्या झुडपात आहे. मोठ्या बाईंनी दुर्बीण डोळ्याला लावली, नीट फोकस केली आणि म्हणाल्या, मेकॅनिक, तुमच्या वटवट्याचे पुढचे दोन्ही दिवे लागलेत.

पहाटेपासून दिवे चालू राहिले होते. बाटली काढली तेव्हा दार पुरतं लागलं नव्हतं. दार उघडं आणि दिवे चालू असले की गाडी बारीक टी टी करते म्हणे. गेली तीन वर्षं करते म्हणे. मला ही सोय विकताना कुणी सांगितली नव्हती.

मी म्हटलं, टी टी असेल, पण त्याच्यामागे एक पक्षीही होता. डॉक्टर म्हणाले, असेल, असेल. दात काढायच्या आधी म्हणतात तसं.

आणि तेवढ्यात ते झालं. आमच्या डाव्या हाताच्या झुडपाकडे तिघांचीही मान एकदम वळली. ही, डॉक्टर, मोठ्या बाई. तिघांचे चेहरे एकाच वेळी असे झाले, जसा माझा सकाळी त्या पंखांच्या वेळी झाला असेल. ही माझ्यासमोर उभी होती. पाठ नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं.

मीही मान वळवली. उशिरा.

झुडूप होतं. हिरवं. पानं स्वच्छ दिसत होती.

संध्याकाळ. घरी

गाडी सुरू झाली नाही. बॅटरी रिकामी. दातांच्या डॉक्टरांनी आणि एका निवृत्त मुख्याध्यापिकेने माझी गाडी ढकलली. मोठ्या बाई ढकलताना म्हणाल्या, मेकॅनिक, गिअर सेकंडमध्ये टाका. मी टाकलेलाच होता.

परत येताना ही एक शब्द बोलली नाही. किंवा बोलली असेल.

३० मार्च, सोमवार

गाडीच्या कंपनीला पत्र लिहिणार. सूचना देणारा आवाज माणसाला ऐकू येईल असा ठेवायला काय होतं. संकल्प नंबर दोन.

दुसरं, त्या नियमाचाच फेरविचार व्हायला हवा. पाठीला पाठ लावली की बायकोच्या श्वासाचा आवाज येतो, त्यात बारीक आवाज दबतात. डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, मुद्दा आहे तुमचा. पलीकडून मोठ्या बाई काहीतरी म्हणाल्या आणि डॉक्टरांनी फोन हाताने झाकला.

वर्कशॉपमध्ये गेलो. वाटलं होतं मुलगी बोलून दाखवेल. तिने चहा सांगितला. बर्फवाल्याची दुसरी मोटर टेबलावर होती. ती यंत्र हातात घेऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या खिशात खडू होता. हात खिशात होता. बराच वेळ तिथेच होता.

मग काढून दिला. म्हटलं, तात्पुरता.

ती म्हणाली, हो बाबा, तात्पुरताच. तिचा आवाज जरा भरल्यासारखा वाटला. भरलेला आवाज मला चांगला ऐकू येतो.

१ एप्रिल, बुधवार

कान तपासायला आलोय म्हणजे कुणाचं ऐकून आलोय असं नाही. शब्द दिला होता, वेळ आजची मिळाली.

कान तपासणाऱ्या बाई वयाने मुलीएवढ्या. मला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा. मी पहिल्यांदा त्यांचा चेहरा काचेतून दिसेल असा बसलो. त्या उठल्या, माझी खुर्ची भिंतीकडे फिरवून गेल्या. म्हणाल्या, सगळेच करतात, वाईट वाटून घेऊ नका.

पाठ टेकवायला भिंतसुद्धा नव्हती.

पण मशीनवर काम करणाऱ्याला लय कळते. सुरुवातीचे आवाज ऐकून अंदाज घेतला की किती थांबून एकेक येतो. मग ऐकू येवो न येवो, त्या ठेक्यावर दाबत गेलो. चांगलं चाललं होतं. बाहेर आलो तेव्हा बाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, काका, मधे मी मशीन बंद करून चहा आणायला गेले होते, तुम्ही तेव्हाही दाबत होतात.

परत बसवलं.

निकाल: खालचे आवाज चांगले. वरचे, म्हणजे बारीक, दोन्ही कानांत जवळजवळ नाहीत. वर्षानुवर्षं यंत्रांच्या गडगडाटात उभं राहिल्याने असं होतं म्हणाल्या. म्हणजे कामामुळे. म्हणजे हा दोष नाही, हा अनुभव आहे. हिला तसं समजावलं. ती म्हणाली, हो, अनुभवी आहात.

८ एप्रिल, बुधवार

मशीन मिळालं. कानामागे बसतं, दिसत नाही. मी ते चार दिवस ट्रायल म्हणून वापरणार, नंतर परत करणार.

नोंदी. वर्तमानपत्र उलटलं की कडकडतं. माझ्या डाव्या चपलेला आवाज आहे. नळ टपकतो. ही म्हणाली, दोन वर्षं टपकतोय.

ड्रॉवरमधून कुकरच्या जुन्या शिट्ट्या काढून एकेक लावून बघितल्या. सगळ्या वाजतात. मधल्या काळात आपोआप सुधारल्या असाव्यात.

वर्कशॉपमध्ये बर्फवाल्याच्या दुसऱ्या मोटरीला स्क्रू ड्रायव्हर लावला. मागचं बेअरिंग बारीक रडत होतं. मुलीच्या यंत्राने अजून आकडा दाखवला नव्हता. मी म्हटलं, मागचं बदल. तिने उघडलं. आत रेष पडलेली होती. कामगार माझ्याकडे बघायला लागले. तिने खिशातून खडू काढून माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाली, अट एकच, इथे असताना कानात मशीन.

विचार करून सांगतो म्हटलं. खडू ठेवून घेतला.

१० एप्रिल, शुक्रवार

धक्कादायक.

संध्याकाळी हिच्याशी वाद. विषय किरकोळ, गाडीची नवी बॅटरी कुणाच्या चुकीने घ्यावी लागली. मी नेहमीसारखं ठामपणे म्हटलं, चूक गाडीची आहे आणि या विषयावर मी यापुढे बोलणार नाही. ती नेहमीसारखी वळली, नेहमीसारखी आत गेली. मी नेहमीसारखा पेपर उघडला.

आणि आतून, भांड्यांच्या मधून, अगदी स्पष्ट आलं: नका बोलू, ढकलणाऱ्यांचे हात अजून दुखतायत, त्यांना विचारू.

मी पेपर खाली केला. परत आलं: गाडीची चूक म्हणे, उद्या म्हणतील गाडीनेच वटवट्या ऐकला.

म्हणजे ती गुणगुणत नव्हती. गळ्याच्या शिराही ठीक आहेत. ती उत्तर देत होती. प्रत्येक वेळी. मी शेवटचा शब्द बोलून पेपर उघडायचो तेव्हा तिचा पुढचा शब्द आत चालू असायचा. किती वर्षं, हे मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

मी म्हटलं, वटवट्या गाडीने नाही, मीच ऐकला होता.

भांडी थांबली. ती दारात आली. हातात डाव तसाच. माझ्या कानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा मी कधी न बघितलेला. कुणीतरी चोरून बोलताना पकडलं की होतो तसा, आणि बऱ्याच दिवसांनी कुणीतरी फोन उचलला की होतो तसाही.

मग ती आत गेली. आतून काहीतरी म्हणाली. तेही ऐकू आलं. ते इथे लिहिणार नाही.

१२ एप्रिल, रविवार

निर्णय पक्का. मशीन फक्त वर्कशॉपसाठी. धंद्याचं साधन धंद्याच्या जागी. घरात त्याची गरज नाही. घर माझं आहे, कान माझे आहेत. इतकी वर्षं ज्या पद्धतीने चाललं ती पद्धत उत्तम होती.

सकाळी नाश्त्यानंतर मशीन काढलं, डबीत घातलं, डबी ठेवून दिली. हिला समोर बसवून सांगितलं की यापुढे घरात मशीन नाही, आणि शेवटचा शब्द पूर्वी माझा होता, तो माझाच राहील.

तिने सगळं ऐकून घेतलं. हसली. उठली. दारापर्यंत गेली, वळली, माझ्याकडे बघून तिचे ओठ हलले. तीन-चारच शब्द असतील.

मी म्हटलं, काय म्हणालीस.

तिने मान हलवली, काही नाही अशी, आणि आत गेली.

डबी टीव्हीमागे नाही. कपाटात नाही. कोटाच्या खिशातही नाही.

शोधतो आहे.